कर्नलचा स्टॅक ट्रेस अर्धवट का येतो आणि पूर्ण कसा मिळवायचा

प्रश्न थोडक्यात असा. यावल तालुक्यातल्या केळीच्या बागांमध्ये ठिबकच्या झडपा उघड-बंद करणारे नियंत्रक बसवले आहेत. आत ६४ बिटी आर्म बोर्ड, त्यावर लिनक्स आणि झडपांसाठी स्वतः लिहिलेला कर्नल ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) चालणारा कोड. आठ-दहा दिवसांतून एखादा नियंत्रक बंद पडतो. सिरियल केबल लावून बसलं तर कधी स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) अर्धा छापून बोर्ड रीबूट होतो, कधी फंक्शनच्या नावांच्या जागी भलतीच नावं येतात. तोच ड्रायव्हर जळगावच्या ऑफिसात लॅपटॉपवर चालवला तर काही ओळींपुढे प्रश्नचिन्ह दिसतं. ड्रायव्हरमधूनच स्टॅक पकडून ठेवायचा आणि नीट छापायचा, तर कसा?

ट्रेस पकडणं आणि ट्रेस छापणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुमच्या बहुतेक अडचणी ती एकत्र केल्यामुळे आल्या आहेत. पकडणं म्हणजे परतीच्या पत्त्यांची (फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं त्या पत्त्यांची) रांग एका ॲरेत उतरवून घेणं. त्याला मायक्रोसेकंदांच्या हिशेबात वेळ लागतो. छापणं म्हणजे त्या पत्त्यांची नावं शोधणं, त्यांची अक्षरं करणं आणि सिरियलसारख्या संथ वाटेवरून ती बाहेर ढकलणं. अडचणीच्या क्षणी फक्त पहिलं काम करा. दुसरं जितकं पुढे ढकलता येईल तितकं ढकला, आणि कोणत्या फाइलची कोणती ओळ हे शोधण्याचं काम तर ऑफिसातल्या मशीनवरच ठेवा.

स्टॅक उकलतो कसा

केळीचं खोड आडवं कापलं की पदरात पदर दिसतात. नवं पान गाभ्यातून येतं, जुने पदर बाहेर सरकतात. कर्नलचा स्टॅक असाच असतो: सर्वांत आतला पदर म्हणजे आत्ता चालू असलेलं फंक्शन, सर्वांत बाहेरचा म्हणजे जिथून सुरुवात झाली ते. स्टॅक उकलणारा कोड, म्हणजे अनवाइंडर, गाभ्यातून बाहेर निघतो. एका पदरातून पुढच्या पदरात जाण्यासाठी त्याला दोनच गोष्टी लागतात: मागच्या पदराची जागा आणि परतीचा पत्ता.

६४ बिटी आर्मवर फंक्शनमध्ये शिरताना एक्स२९ आणि एक्स३० ही दोन रजिस्टरं स्टॅकवर १६ बाइटांच्या जोडीने ठेवली जातात आणि एक्स२९ त्या जोडीकडे बोट दाखवतं. तिथे मागचं एक्स२९ असतं आणि ८ बाइट वर परतीचा पत्ता. एक्स८६-६४ वर, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर, फ्रेम पॉइंटर (पदराची जागा दाखवणारं असं रजिस्टर) ठेवून बांधलेल्या कर्नलमध्ये हेच काम आरबीपी करतं. रिस्क-व्ही या तिसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर मात्र फ्रेम पॉइंटरच्या १६ बाइट खाली मागचा पॉइंटर आणि ८ बाइट खाली परतीचा पत्ता असतो. एकाचा कोड दुसऱ्यावर उचलून नेताना हमखास चूक होते ती इथेच.

ही साखळी चालवायला पाच ओळींचा लूप पुरतो. पण कर्नल पडतो तेव्हा स्टॅकच बिघडलेला असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून प्रत्येक पावलाला शंका घ्यावी लागते. पॉइंटर ८ ने भाग जाणारा आहे का? तो याच टास्कच्या स्टॅकच्या हद्दीत आहे का? तो आधीच्यापेक्षा वरच्या पत्त्यावर आहे का? (स्टॅक खाली वाढतो, म्हणून उकलताना वरच जायला हवं. खाली गेलात तर तुम्ही गोल फिरताय.) परतीचा पत्ता कर्नलच्या किंवा मॉड्यूलच्या (कर्नलला नंतर जोडलेल्या भागाच्या) कोडमध्येच पडतो का? आणि एवढं करूनही पावलांना मर्यादा हवी, समजा ६४. यातली एक तपासणी गाळली तर बिघडलेल्या स्टॅकवर अनवाइंडर स्वतःच पडतो. मग मूळ अपघाताचा ट्रेस जातो आणि अनवाइंडरच्या अपघाताचा हातात येतो.

इंटरप्टची, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणाऱ्या हार्डवेअरच्या हाकेची, वेगळी दखल घ्यावी लागते. ६४ बिटी आर्मवर प्रत्येक सीपीयूला इंटरप्टसाठी स्वतंत्र स्टॅक असतो, टास्कचा १६ किलोबाइटचा स्टॅक निराळा. इंटरप्टमधून सुरुवात केलेला ट्रेस एकदा टास्कच्या स्टॅकवर उतरला की पुन्हा इंटरप्टच्या स्टॅकवर जाऊ शकत नाही. गेला, तर साखळी तुटली आहे असं समजून थांबायचं.

हे सगळं समजून घ्या, पण ड्रायव्हरमध्ये स्वतःचा अनवाइंडर लिहू नका. ftrace सारखा, फंक्शनांच्या ये-जाची नोंद ठेवणारा ट्रेसर चालू असताना परतीच्या पत्त्याच्या जागी दुसराच पत्ता बसवलेला असतो, पॉइंटर ऑथेंटिकेशन असलेल्या आर्मवर पत्त्याच्या वरच्या बिटांत सही मिसळलेली असते. कर्नलचा अनवाइंडर या दोन्हींची काळजी घेतो. तुमचा लूप घेणार नाही.

ड्रायव्हरमधून पकडणं

साधं काम असेल तर डंप_स्टॅक पुरेसं आहे: जिथे बोलावलं तिथला ट्रेस लगेच लॉगमध्ये छापतं. "असं कधीच घडू नये" अशा जागी वॉर्न_ऑन_वन्स वापरा. ते ट्रेस एकदाच छापतं, त्यामुळे लॉग भरून वाहत नाही. एकच घटना अनेकदा दिसायला हवी असेल तर छापण्याला दराची मर्यादा घाला. कर्नलचं ठरलेलं प्रमाण ५ सेकंदांत १० संदेश असं आहे आणि ते बहुधा योग्यच असतं.

पण तुम्हाला हवं आहे ते स्टॅक_ट्रेस_सेव्ह. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून हे याच रूपात आहे. त्याला ॲरे, ॲरेची लांबी आणि वरून किती पदर गाळायचे तो आकडा द्यायचा, ते किती पत्ते भरले तो आकडा परत देतं. ते फक्त जीपीएल परवान्याच्या मॉड्यूलला मिळतं, हे ध्यानात ठेवा.

गाळण्याच्या आकड्यात एक सापळा आहे. स्वतःचं मदतनीस फंक्शन ट्रेसमध्ये नको म्हणून आपण १ देतो. कंपायलरने ते मदतनीस फंक्शन बोलावणाऱ्यातच मिसळून टाकलं, तर गाळला जातो तो खरा बोलावणारा, म्हणजे नेमकी हवी असलेलीच ओळ. मदतनीस फंक्शनवर नोइनलाइन लिहा.

नोंद किती मोठी ठेवायची? १६ पत्ते म्हणजे १२८ बाइट. त्यात वेळ, प्रोसेसचा आकडा, सीपीयू, पत्त्यांची संख्या आणि कारण धरून २४ बाइट. एक नोंद १५२ बाइटांची झाली. अशा ६४ नोंदींचा गोल बफर ९,७२८ बाइटांत बसतो. तुमच्या बोर्डला हे काहीच नाही. ॲरे मात्र त्या क्षणी चालू असलेल्या स्टॅकवर घेऊ नका. ६४ पत्त्यांचा ॲरे ५१२ बाइट खातो, आणि आधीच काठावर आलेल्या स्टॅकला तेवढा धक्का पुरतो. बफर आधीच, मॉड्यूल चढतानाच बाजूला काढून ठेवा. अपघाताच्या क्षणी मेमरी मागणं धोक्याचं असतं.

आता तुमच्या ड्रायव्हरबद्दल. झडप बंद करण्याचं काम तुम्ही वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या कर्नलच्या रांगेत) टाकता, असं धरून चालतो. वर्कक्यूमध्ये पडलेल्या कामाचा ट्रेस नेहमी एकसारखाच दिसतो: तुमचं फंक्शन, त्याखाली प्रोसेस_वन_वर्क, वर्कर_थ्रेड, केथ्रेड आणि शेवटी रेट_फ्रॉम_फोर्क. ट्रेस पूर्ण आणि खरा आहे, तरी निरुपयोगी. काम रांगेत कोणी टाकलं, हे त्यात कुठेच नाही, कारण टाकणारा केव्हाच परत गेलेला असतो. टायमरचंही तसंच. म्हणून ट्रेस काम रांगेत टाकण्याच्या क्षणी पकडा आणि त्या कामाच्या स्ट्रक्चरमध्येच ठेवून द्या. काम चालताना काही वावगं दिसलं तर दोन्ही ट्रेस छापा, टाकतानाचा आणि चालतानाचा. आठ-दहा दिवसांनी एकदा येणारी चूक बहुतेक वेळा अशीच असते: झडपेचं स्ट्रक्चर मोकळं केलं, पण रांगेतलं काम रद्द केलेलं नव्हतं. झडप मोकळी करणाऱ्या फंक्शनमध्येही एक नोंद पकडा, म्हणजे कोणी आधी सोडलं आणि कोणी नंतर वापरलं ते समोरासमोर दिसेल.

ऑफिसातल्या बोर्डवर कासान (मेमरीच्या चुका पकडणारा कर्नलचा तपासनीस) चालू करता आला तर तो हेच काम स्वतःहून करतो: मेमरी घेतल्याचा आणि सोडल्याचा, दोन्ही ट्रेस देतो. साध्या कासानला मेमरीचा आठवा भाग सावलीसाठी द्यावा लागतो आणि वेग चांगलाच मंदावतो, त्यामुळे शेतातल्या बोर्डवर तो नको.

अर्धा ट्रेस छापून रीबूट का होतं

हिशेब करून पाहा. ११५२०० बॉडच्या सिरियलवर एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. ६० अक्षरांच्या ३० ओळींचा ट्रेस साधारण ०.१६ सेकंदात जातो. ९६०० बॉड ठेवलं असेल तर त्यालाच जवळपास १.९ सेकंद लागतात. आणि सगळ्या टास्कचे ट्रेस मागितले, समजा १५० टास्क आणि प्रत्येकी १५ ओळी, तर ११५२०० वरसुद्धा ११-१२ सेकंद जातात. हार्डवेअर वॉचडॉग (ठरल्या वेळेत खूण मिळाली नाही तर बोर्ड रीसेट करणारं घड्याळ) १० सेकंदांचा असेल तर तो मध्येच बोर्ड उडवणार. बोर्ड रीसेट होण्यात वॉचडॉगचा काही दोष नाही, त्याला खाऊ घालणारा कोणी उरलेला नाही एवढंच तो पाहतो.

दुसरी शक्यता अशी की ड्रायव्हर लूपमध्ये अडकतो. कर्नलचा सॉफ्ट लॉकअप शोधक डिफॉल्ट मांडणीत २० सेकंदांनंतर बोलतो, कारण वॉचडॉग_थ्रेश १० असतं आणि मर्यादा त्याच्या दुप्पट धरली जाते. हार्डवेअर वॉचडॉग १५ सेकंदांचा असेल तर कर्नलने तोंड उघडण्याआधीच रीसेट होतं. वॉचडॉग_थ्रेश ५ करा, म्हणजे शोधक १० सेकंदांत बोलेल, आणि हार्डवेअर वॉचडॉग ३० ते ६० सेकंदांवर न्या. टास्क झोपेत अडकला तर त्याची तक्रार मात्र डिफॉल्टने १२० सेकंदांनी येते, तोही आकडा कमी करून घ्या. वॉचडॉग चिपला पूर्वसूचनेची सोय असेल तर पूर्वसूचनेवर पॅनिक होईल, म्हणजे कर्नल स्वतःच हार मानून थांबेल, अशी मांडणी करा. रीसेटआधी ट्रेस लिहायला तेवढी उसंत मिळते.

अडकलेल्या सीपीयूचा ट्रेस दुसऱ्या सीपीयूवरून वाचता येत नाही, कारण वाचता वाचता तो बदलत असतो. तो त्याच सीपीयूला इंटरप्ट पाठवून त्याच्याकडूनच छापून घ्यावा लागतो. सिसआरक्यू म्हणजे कर्नलला एका अक्षराने थेट आज्ञा देण्याची सोय, तिचं 'एल' हेच करतं. 'डब्ल्यू' अडकून झोपलेल्या टास्कचे ट्रेस देतं आणि 'टी' सगळ्यांचे. ६४ बिटी आर्मवर एक अडचण: सीपीयू इंटरप्ट बंद करून अडकला असेल तर साध्या इंटरप्टला तो उत्तर देत नाही. जीआयसी-व्ही३ हा इंटरप्ट नियंत्रक असलेल्या बोर्डवर कर्नलमध्ये आभासी एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) चालू केला तरच तिथला ट्रेस मिळतो.

लाइट गेली तर

शेतीची वीज पाळीने येते आणि पंपघरातला नियंत्रक कधीही अंधारात जातो. म्हणून ट्रेस कुठे टिकणार, याचा विचार ऑफिसातल्या बोर्डपेक्षा वेगळा करावा लागतो. रॅमूप्स रॅमचा एक भाग राखून ठेवतं आणि पडताना लॉग तिथे लिहितं. रीबूटनंतर तो पीस्टोअरच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून दिसतो. १ मेगाबाइट राखा, प्रत्येक नोंदीला ६४ किलोबाइट द्या, आणि कन्सोलसाठीही ६४ किलोबाइट वेगळे ठेवा. कन्सोलचा भाग विसरू नका, कारण रॅमूप्स डिफॉल्टने फक्त ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक) आणि पॅनिक नोंदवतं. वॉर्न_ऑन_वन्सचा ट्रेस कन्सोलच्या भागातच सापडेल.

पण ही रॅम आहे. पुरवठा तुटला की गेली. त्यामुळे ऊप्सवर पॅनिक आणि पॅनिकनंतर १० सेकंदांत रीबूट अशी मांडणी ठेवा, आणि बूट होताच सर्वांत आधी पीस्टोअरमधल्या फाइली फ्लॅशवर उतरवणारी स्क्रिप्ट चालवा. धोक्याचा काळ काही सेकंदांवर येतो. बोर्डवर कच्ची फ्लॅश असेल तर एमटीडीऊप्स थेट तिथेच लिहितं. काही बूटलोडर चालू होताना रॅम पुसतात किंवा तिची नव्याने जुळणी करताना काही बिट उलटवतात. फाइल रिकामी किंवा कचऱ्याने भरलेली आली तर आधी बूटलोडरकडे पाहा, आणि रॅमूप्सचं ईसीसी (उलटलेले बिट दुरुस्त करणारी सोय) चालू करा.

नावं चुकीची का येतात

ट्रेसमधली एक ओळ अशी वाचायची: व्हॉल्व्ह_क्लोज, अधिक ०एक्स४४, तिरकी रेघ, ०एक्स१२०, आणि कंसात मॉड्यूलचं नाव. ०एक्स४४ हे फंक्शनच्या सुरुवातीपासूनचं अंतर आणि ०एक्स१२० ही फंक्शनची लांबी, दोन्ही हेक्समध्ये. नावाऐवजी नुसते आकडे आले तर कर्नल कॉलसिम्सविना, म्हणजे फंक्शनांच्या नावांच्या तक्त्याविना, बांधला आहे. जागा वाचवायला तो तक्ता बंद करणं हा खोटा काटकसरीपणा आहे.

नावं येतात पण भलतीच येतात, हे जास्त फसवं. मॉड्यूल हलकं करायला स्ट्रिपचा अनावश्यक चिन्हं काढणारा पर्याय वापरला असेल, तर स्टॅटिक फंक्शनांची नावं उडतात आणि त्यांचे पत्ते आधीच्या उरलेल्या फंक्शनच्या नावावर जमा होतात. ओळख सोपी आहे: दहा ओळींच्या फंक्शनची लांबी कित्येक किलोबाइट दिसते. मॉड्यूलमधून फक्त डीबग माहिती काढा, बाकी चिन्हं राहू द्या. मॉड्यूल बसवताना स्ट्रिपचा पर्याय १ दिला की कर्नलची बांधणी एवढंच करते.

परतीचा पत्ता हा कॉलनंतरच्या सूचनेचा असतो. कॉल फंक्शनच्या अगदी शेवटी असेल, जसं पॅनिकसारख्या परत न येणाऱ्या फंक्शनचा, तर तो पत्ता शेजारच्या फंक्शनमध्ये पडतो आणि तुम्ही निरपराध फंक्शनमध्ये चूक शोधत बसता. नाव शोधताना पत्त्यातून १ वजा करायचा. कर्नलच्या छपाईत 'पी' आणि मोठा 'बी' हे रूप ते स्वतः करतं, म्हणून पकडून ठेवलेले पत्ते छापताना तेच वापरा. नुसत्या 'पी' ने छापलंत तर ४.१५ पासून पत्त्याऐवजी त्याचा हॅश येतो. शिवाय केएएसएलआर (कर्नल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर चढवण्याची सोय) चालू असेल तर कच्चा पत्ता दर बूटला बदलतो. बूटपलीकडे जपायची नोंद नाव आणि अंतर या रूपातच लिहा.

आर्मवर पीसी (चालू सूचनेचा पत्ता) आणि एलआर (एक्स३० मधला परतीचा पत्ता) अशा दोन ओळी वेगळ्या छापल्या जातात, त्या नीट पाहा. जे फंक्शन पुढे कोणालाच बोलावत नाही ते एक्स३० स्टॅकवर ठेवतच नाही, त्यामुळे त्याला बोलावणारा साखळीतून निसटू शकतो आणि फक्त एलआरमध्ये सापडतो. पण एलआरमधला पत्ता पीसीच्याच फंक्शनमधला असेल तर तो आधीच्या एखाद्या कॉलचा शिळा पत्ता आहे. अशा वेळी साखळीवर भरवसा ठेवा.

लॅपटॉपवरचं प्रश्नचिन्ह म्हणजे: हा पत्ता स्टॅकवर सापडला, पण अनवाइंडरच्या साखळीत बसत नाही. बहुधा जुन्या कॉलचा उरलेला आकडा. वाचताना त्या ओळी वगळा. सगळ्याच ओळींपुढे प्रश्नचिन्ह असेल तर अनवाइंडरचा पर्याय तपासा. एक्स८६-६४ वर २०१७ च्या ४.१४ पासून ओआरसी हा फ्रेम पॉइंटरविना चालणारा अनवाइंडर आहे. त्याच्या तक्त्यांना २ ते ४ मेगाबाइट मेमरी लागते, आणि फ्रेम पॉइंटरमुळे कर्नलची जी ५ ते १० टक्के गती जाते ती वाचते.

ऑफिसात उकलताना

शेतात पाठवलेल्या प्रत्येक बांधणीची डीबग माहितीसकट व्हीएमलिनक्स (पूर्ण कर्नलची) फाइल आणि मॉड्यूलची न छाटलेली फाइल जपून ठेवा. नंतर त्याच कॉन्फिगने पुन्हा बांधू म्हणाल, तर कंपायलर बदललेला असतो आणि अंतरं जुळत नाहीत. जुळणी बिल्ड आयडीवरून करा, चालू कर्नलचा तो सिस फोल्डरमधल्या कर्नल, नोट्स इथे मिळतो. मग कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली डीकोड_स्टॅकट्रेस पूर्ण लॉगला ओळी जोडून देते. एकच ओळ हवी असेल तर एफॲडर२लाइन. आर्मसाठी क्रॉस कंपायलरचं उपसर्ग-चल आधी बसवा. इनलाइन झालेली, म्हणजे बोलावणाऱ्यातच मिसळलेली, फंक्शनं बोर्डवरच्या ट्रेसमध्ये दिसत नाहीत, ती इथेच उलगडतात.

दर वेळी ट्रेस त्याच जागी संपत असेल तर चूक कोडमध्ये आहे. दर वेळी वेगळ्याच, एकमेकांशी संबंध नसलेल्या जागी कर्नल पडत असेल तर ड्रायव्हर खणण्याआधी बोर्डचा पुरवठा मोजा. मे महिन्यात पत्र्याच्या पंपघरातल्या बंद पेटीत, बाहेर ४५ अंश असताना, आत काय होत असेल ते थर्मामीटर ठेवून पाहा. मोटर सुरू होताना व्होल्टेज किती खाली जातं तेही. मेमरीचे बिट उलटले की निर्दोष कोडही पडतो, आणि असा ट्रेस कितीही अचूक पकडला तरी चूक दाखवणार नाही.

पेटी शेतात नेण्याआधी सिसआरक्यूच्या 'सी' ने मुद्दाम पॅनिक करा आणि रीबूटनंतर पीस्टोअरमध्ये फाइल येते का पाहा. मग कर्नल मुद्दाम पाडून पाहण्यासाठी असलेलं एलकेडीटीएम मॉड्यूल चढवून स्टॅक संपवण्याची, स्टॅक बिघडवण्याची आणि सॉफ्ट लॉकअपची चाचणी एकेक करून घ्या. स्टॅक संपण्याच्या चाचणीत बोर्ड मुकाट्याने लटकला तर व्हीमॅप स्टॅक चालू आहे का तपासा. त्यात स्टॅकच्या टोकाला राखणीचं पान असतं, ते नसेल तर ओसंडलेला स्टॅक शेजारची मेमरी खातो आणि ट्रेस तिसऱ्याच फंक्शनचं नाव घेतो. शेवटी पॅनिकनंतर ३ सेकंदांनी, मग ८ सेकंदांनी, मग १५ सेकंदांनी प्लग खरंच ओढून पाहा, आणि कोणत्या वेळेला फाइल फ्लॅशवर पोहोचलेली होती ते पेटीवरच लिहून ठेवा.